मुक्कामी प्रोग्रॅम आणि ठेचकाळणारा गेम: कोण बसलंय, कधी उठतं, कसं शोधायचं

ताईचा फोन आला तो थेट मुद्द्यावरच, "तुझा भाचा ग्राफिक्स कार्डाला तीस हजार मागतोय, म्हणतो गेम अडकतो, तू एकदा कोथरूडला येऊन बघून जा मग काय ते ठरवू." रविवारी गेलो. मशीन बरं होतं, ८ जीबी रॅम, कार्डही तो खेळतो त्या गेमला पुरून उरेल असं. तक्रारी दोन होत्या. एक म्हणजे गेम चालता चालता ठेचकाळतो, अर्धा सेकंद चित्र थिजतं आणि मग झटक्यात पुढे सरकतं. दुसरी जास्त चमत्कारिक, गेम आपोआप खाली जातो, डेस्कटॉप दिसतो, आणि हा परत गेमवर क्लिक करेपर्यंत समोरचा ह्याला मारून गेलेला असतो. दोन्हीत कार्डाचा काही दोष नव्हता. मागे मेमरीत जी मंडळी ठाण मांडून बसली होती त्यांचा होता, आणि त्यांना हुडकून काढायला तीन तास आणि ताईचे दोन चहा लागले. तेच सगळं इथे लिहितोय, म्हणजे प्रत्येक भाच्याला वेगळं सांगत बसायला नको.

आधी हे मागे बसणं म्हणजे काय ते बघू, कारण ते कळलं नाही तर नुसती बटणं दाबून काही होत नाही.

साधा प्रोग्रॅम तुम्ही उघडता, काम करता, बंद करता, त्याने घेतलेली मेमरी परत मिळते. स्टँडवर गाडी लागली, माणसं उतरली, गाडी निघून गेली, तसं. पण गावाकडे मुक्कामी एसटी असते बघा, संध्याकाळी येते ती तिथेच थांबते, पहाटे पुन्हा सुटते. मेमरीत राहणारे प्रोग्रॅम हे असे मुक्कामी. तुम्हाला वाटतं बंद झाला, पण तो आपला कोपऱ्यात उभा असतो आणि त्याची वेळ झाली की उठतो. अँटिव्हायरस, प्रिंटरचं काहीतरी, कीबोर्डचे रंगीत दिवे बदलणारं काहीतरी, क्लाउडवर फायली चढवणारं काहीतरी, चॅटचं ॲप, गेम विकणाऱ्यांचे लाँचर, सगळे मुक्कामी.

ही गोष्ट काही नवीन नाही. मी पहिल्यांदा हे बघितलं १९९४ साली, टिळक रोडच्या मागच्या एका क्लासात, डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन ज्यावर चालायचं त्या सिस्टिमवर. तेव्हा ह्याला टीएसआर म्हणायचे, म्हणजे काम थांबव पण मेमरीत तसाच रहा असं सांगितलेला प्रोग्रॅम. डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा, त्यामुळे मागे काही चालू ठेवायचं तर युक्ती करावी लागायची, आणि ती युक्ती इतकी झकास आहे की जरा थांबून सांगतो.

मेमरीच्या अगदी सुरुवातीला १०२४ बाइटची एक यादी असायची, प्रत्येकी ४ बाइटचे २५६ पत्ते. कीबोर्डचं बटण दाबलं की प्रोसेसरने कुठे जायचं, घड्याळाचा ठोका पडला की कुठे जायचं, डिस्क वाचायची तर कुठे जायचं, ते सगळे पत्ते तिथे. हा मुक्कामी प्रोग्रॅम काय करायचा, ह्यातला एखादा पत्ता खोडून तिथे स्वतःचा लिहायचा, जुना पत्ता खिशात ठेवायचा, आणि मग डॉसला सांगायचा की माझी मेमरी सोडू नको, मी इथेच आहे. आता कोणीही बटण दाबलं की आधी बोलावणं ह्याच्याकडे येणार, हा बघणार की आपलं बटण आहे का, असेल तर उठणार, नसेल तर खिशातल्या जुन्या पत्त्यावर पुढे पाठवून देणार. १९८४ सालचं बोरलँडचं साइडकिक असंच होतं, कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबलं की चालू कामावरच नोटपॅड आणि कॅल्क्युलेटर येऊन बसायचा, लोकांना जादू वाटायची.

आणि असे चार-पाच जण एकाच पत्त्यावर एकामागे एक उभे राहिले की रांग तयार. मधल्या एकाने पुढे पाठवलंच नाही, की मागचे सगळे मुके. घड्याळाचा ठोका सेकंदाला सुमारे १८.२ वेळा पडायचा, बरेचसे टीएसआर त्या ठोक्याला लटकलेले असायचे, आणि गेमवाले लोक आवाज आणि हालचाल सफाईदार यावी म्हणून तोच ठोका वाढवून कितीतरी जोरात करायचे, मग त्या लटकलेल्या बिचाऱ्याला वाटायचं वेळ भराभर चालली. गेम संपल्यावर कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलेलं मी स्वतः पाहिलंय.

पण तेव्हाचं मोठं दुखणं जागेचं होतं. मशीनमध्ये ४ एमबी रॅम असली तरी डॉसच्या साध्या प्रोग्रॅमला पहिले ६४० केबीच मिळायचे, त्यात डॉस स्वतः, माउसचा ड्रायव्हर (म्हणजे ते यंत्र चालवणारा छोटा प्रोग्रॅम), डिस्कवरून वाचलेलं हाताशी ठेवणारा कॅश, सगळे वाटेकरी. गेम म्हणायचा मला एवढे केबी मोकळे पाहिजेत, आणि आमच्याकडे दहा-पंधरा कमी पडायचे. मग आमच्या क्लासचे सर त्या दोन फायली उघडायचे, कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट, आणि एकेकाला वरच्या मजल्यावर हलवायचे, म्हणजे ६४० केबी ते १ एमबीमधल्या रिकाम्या फटींत. १९९१ च्या डॉस ५ पासून हे जमायला लागलं. लोडहाय लिहायचं, डिव्हाइसहाय लिहायचं, रीस्टार्ट करायचं, मेम स्लॅश सी मारून कोण किती बसलंय ते बघायचं, पुन्हा बदलायचं. ह्यात एक दुपार जायची आणि गेम वीस मिनिटं खेळायला मिळायचा, पण मशीनच्या पोटात काय आहे ते मात्र आम्हाला पाठ झालं.

आज जुने डॉस गेम खेळायचे असतील तर डॉसबॉक्स वापरा, तो आजच्या मशीनवर डॉसची नक्कल करतो, त्यात माउस आणि सीडीचं काम बाहेरूनच होतं, त्यामुळे ६३० केबीच्या आसपास मोकळी जागा आयती मिळते आणि ही कसरत करावीच लागत नाही.

आता आजच्या विंडोजवर या. आज जागेचं दुखणं राहिलंय पण ते दुय्यम. बहुतेक लोक टास्क मॅनेजर, म्हणजे काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडतात, मेमरीच्या कॉलमवर क्लिक करून सगळ्यात जास्त खाणाऱ्याला शिव्या घालतात, आणि इथेच चुकतात. ३०० एमबी घेऊन शांत झोपलेला प्रोग्रॅम तुमच्या गेमचं काही वाकडं करत नाही. १२ एमबी घेऊन दर पाच मिनिटांनी उठून डिस्क चाळणारा करतो. म्हणून कोण किती खातो हे नंतर बघा, कोण कधी उठतो आणि उठल्यावर काय करतो हे आधी बघा.

हिशोब साधा आहे. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, पाहिजेत (ह्यालाच एफपीएस म्हणतात) तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर ६.९ च. तेवढ्यात गेमने सगळी गणितं करून चित्र काढून द्यायचं. ह्यात कोणी मध्येच येऊन ३० मिलिसेकंद प्रोसेसर अडवला किंवा डिस्क धरून ठेवली, की एक-दोन किंवा चार फ्रेम गेल्या. सरासरी बघितली तर ६० पैकी ५७ आले, आकडा छान दिसतो, पण डोळ्याला मात्र ठेच लागते. भाचा मला तेच सांगत होता, "मामा, एफपीएस तर बरोबर दाखवतोय तरी अडकतंय." म्हणून एफपीएसचा आकडा बघू नका, फ्रेम टाइमचा आलेख दाखवणारं काहीतरी लावा, तो आलेख सपाट पाहिजे, त्यात मध्येच सुळका दिसला की घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा.

हो, कागदावर लिहा. सगळ्या ह्या उद्योगातली ही एक गोष्ट लोक करत नाहीत आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच आहे. भाच्याला मी सोसायटीच्या जुन्या नोटिशीच्या पाठीमागे लिहायला लावलं, गेम कधी खाली गेला. माझ्यासमोर तो ५:१७ ला गेला, ६:१७ ला गेला. आदल्या दिवशीचं आठवून म्हणाला रात्री सव्वादहाच्या थोडं पुढे. दर तासाला सतराव्या मिनिटाला! ग्राफिक्स कार्ड कधी घड्याळ बघून बिघडत नाही.

इतकं ठरावीक वेळापत्रक दिसलं की थेट टास्क शेड्युलर उघडायचा, कुठलं काम कधी उठवायचं ह्याची विंडोजची वही. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की येतो. डाव्या बाजूला लायब्ररीवर क्लिक करा, मधे यादी येते, त्यात शेवटचं कधी चाललं त्याचा कॉलम असतो, लास्ट रन टाइम, त्यावर लावून घ्या. स्टार्टअपच्या यादीत जे कधीच दिसत नाहीत असे बरेच जण इथे लपलेले असतात, कारण ते कायम जागे नसतात, कोणीतरी त्यांना ठरावीक वेळी हाक मारतं. आमच्या यादीत एकाच्या समोर ६:१७. प्रिंटरबरोबर आलेलं टास्क, शाई किती उरली आणि नवीन व्हर्जन आलंय का ते कंपनीला विचारणारं. भावजी सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे प्रिंटर ह्याच मशीनला जोडलेला, नोटिसा इथूनच निघतात. ते टास्क उठताना क्षणभर एक काळी खिडकी उघडायचं आणि बंद करायचं, डोळ्याला दिसायचीही नाही, पण तेवढ्यात विंडोजच्या हिशोबाने समोरचा प्रोग्रॅम ती खिडकी झाली, आणि गेम फुल स्क्रीनमध्ये असल्यामुळे तो गुमान खाली गेला. टास्कवर राइट क्लिक, डिसेबल. ७:१७ ला आम्ही दोघं श्वास रोखून बसलो, काही झालं नाही, भाच्याने टेबलावर हात आपटला. डिलीट करू नका बरं का, डिसेबलच करा, चुकीचं निघालं तर परत चालू करता येतं.

उरलेली तक्रार म्हणजे ठेच लागण्याची, ती अशी वेळेवर येत नव्हती, त्यामुळे तिला जास्त घाम गाळावा लागला. तिथे जी पद्धत लावली ती अशी.

आधी रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे, हे लक्षात ठेवा, कारण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, ती चालू असली की शट डाउन करताना विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवतं आणि उद्या तेच परत उचलतं. महिनाभर रोज रात्री मशीन बंद करणाऱ्या माणसाच्या मशीनमध्ये ड्रायव्हरचं जुनं भूत तसंच असू शकतं. रीस्टार्ट केलं की सगळं खरंच नव्याने चढतं.

मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर, त्यात स्टार्टअपचं पान. इथे जे दिसतं ते मशीन चालू होताना आपोआप येणारे. बंद करताना घाबरू नका, इथून बंद केलं म्हणजे प्रोग्रॅम जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. चॅट ॲप, लाँचर, संगीत, क्लाउड, मीटिंगवाले, सगळे बंद, गरज लागली की हाताने उघडा. टचपॅडचं, आवाजाचं, ग्राफिक्सचं असेल ते राहू द्या. एखादं नाव ओळखीचं नसेल तर त्यावर राइट क्लिक करून फाइल कुठे आहे ते बघा, नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका.

आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातला तो छोटा बाण. त्यावर क्लिक करा. खिडकीच्या फुलीवर दाबलं की बंद झालं असं आपल्याला वाटतं, पण स्टीम, डिस्कॉर्ड वगैरे फुलीवर दाबल्यावर नुसते ह्या बाणामागे जाऊन बसतात. क्रोमच्या सेटिंगमध्ये, सिस्टिमच्या पानावर, क्रोम बंद केल्यावरही मागे ॲप चालू ठेव असा एक खटका आहे, तो बंद करा. एजमध्ये तसाच एक आहे, शिवाय स्टार्टअप बूस्ट म्हणून आणखी एक, तोही. भाच्याने क्रोम बंद केलं होतं, त्याच्या मते, आणि टास्क मॅनेजरमध्ये क्रोम निवांत बसलेलं.

आता मेमरी. परफॉर्मन्सच्या पानावर मेमरीवर क्लिक केलं की काही आकडे दिसतात. किती वापरात आहे, किती उपलब्ध, कॅश्ड किती, आणि कमिटेड म्हणून दोन आकडे, मध्ये तिरकी रेघ. हा कमिटेडचा दुसरा आकडा म्हणजे रॅम अधिक डिस्कवरची पेज फाइल. गेम चालू असताना ऑल्ट-टॅब करून इथे बघा. उपलब्ध मेमरी अगदी शे-दोनशे एमबीवर आलेली असेल तर विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर टाकतंय आणि परत आणतंय, आणि रॅमच्या मानाने डिस्क म्हणजे लक्ष्मी रोडवर गणपतीच्या दिवसात गाडी घालण्यासारखं. हे नक्की करायचं तर रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरीच्या पानावर प्रत्येक प्रोग्रॅमसमोर हार्ड फॉल्ट्स दर सेकंदाला किती ते येतं, म्हणजे हवं ते रॅममध्ये सापडलं नाही म्हणून डिस्कवर जावं लागलं असं किती वेळा झालं. गेम उघडताना हा आकडा वर जाणारच, त्यात काही नाही. पण खेळताना, ठेच लागते त्याच वेळी गेमसमोरचा आकडा शेकड्यात उडी मारत असेल, तर जागा खरंच कमी पडतेय. भाच्याच्या मशीनवर क्रोमच्या वीस-बावीस टॅबसकट खेळताना हेच दिसलं. टॅब बंद केले, अर्ध्या ठेचा गेल्या. नंतर बुधवार पेठेतून ८ जीबीची दुसरी पट्टी आणून बसवली, आणि दोन सारख्या पट्ट्या बरोबर खाचांत असल्या की मेमरी दोन वाटांनी चालते, त्याचा गेमला वेगळा फायदा मिळतो. तीस हजारांच्या कार्डापेक्षा ही पट्टी खूपच स्वस्तात पडली हे ताईला मुद्दाम सांगितलं.

इथेच एक राग ओकून घेतो. रॅम क्लीनर, गेम बूस्टर, एका क्लिकमध्ये मेमरी मोकळी, असले प्रोग्रॅम टाकू नका. ते करतात काय, चालू प्रोग्रॅमच्या हातातली मेमरी सोडायला लावतात, आकडा मस्त खाली येतो, बघणाऱ्याला बरं वाटतं. स्वयंपाकघरात रोज लागणारे डबे ओट्यावर असतात, कोणीतरी येऊन ते सगळे माळ्यावर टाकले की ओटा चकाचक दिसतो खरा, पण फोडणी टाकताना मोहरीसाठी स्टूल घेऊन चढायचं कोणी? कॅश्ड म्हणून जी मेमरी दिसते ती विंडोजने पुढे लागेल म्हणून ओट्यावर ठेवलेली असते, गेमला जागा पाहिजे झाली की ते ती लगेच सोडतं, तिला हात लावायची गरजच नसते. वर हा क्लीनर स्वतः मुक्कामी असतो, दर काही मिनिटांनी उठून माळ्यावर डबे टाकतो. ठेच काढायला आणला आणि तोच ठेच देतो.

स्टार्टअप साफ केला, मेमरी ठीक आहे, तरी ठेच लागतेय? मग अर्धं-अर्धं करायचं. स्टार्टमध्ये एमएसकॉन्फिग टाइप करा, सर्व्हिसेसच्या (म्हणजे खिडकी न दाखवता मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पानावर जा, खाली मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवा अशी चौकट आहे ती आधी टिक करा. हे विसरलात आणि सगळंच बंद केलंत तर मशीन धड उठणार नाही, म्हणून दोनदा सांगतोय, आधी ती चौकट. मग जे उरलं त्याचा मोबाइलवर फोटो काढा, सगळं बंद, रीस्टार्ट, गेम लावा. ठेच गेली? म्हणजे चोर ह्यांच्यातलाच आहे. आता अर्धे चालू करा, रीस्टार्ट, बघा. परत आली तर ह्या अर्ध्यात, नाही तर त्या अर्ध्यात. चाळीस सर्व्हिसेस असल्या तरी सहा फेऱ्यांत एकावर येता. एकेक करून बंद करत बसलात तर चाळीस फेऱ्या, तेवढ्यात सेमिस्टर संपेल. त्याच खिडकीत बूटच्या पानावर सेफ बूट आहे, त्याला हात लावू नका, त्याचं इथे काही काम नाही. आणि काही गेमची फसवेगिरी पकडणारी सर्व्हिस ह्याच यादीत असते, ती बंद असताना गेम उघडणारच नाही, तेव्हा ती चालू ठेवा. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड तर मशीन चालू होतानाच विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतं, ते खालच्या कोपऱ्यातून बंद केलंत तर पुढच्या वेळी खेळायला रीस्टार्ट करावंच लागतं.

भाच्याच्या बाबतीत चौथ्या फेरीत सापडला. कीबोर्डचे दिवे बदलणाऱ्या प्रोग्रॅमची सर्व्हिस. प्रोसेसर १ टक्काही दाखवत नव्हती, मेमरीही नगण्य, पण दिव्यांचा रंग प्रोसेसरच्या तापमानाप्रमाणे बदलायचा असं ह्याने त्यात ठरवलेलं, त्यासाठी ती तापमान विचारायला सतत खालच्या ड्रायव्हरकडे जायची. इथे एक समजून घ्या, साधा प्रोग्रॅम कितीही मस्ती करत असला तरी विंडोज त्याला बाजूला सारून गेमला पाळी देऊ शकतं. ड्रायव्हरचं तातडीचं काम चालू असलं की तसं करता येत नाही, ते संपेपर्यंत प्रोसेसरच्या त्या कोअरवर, म्हणजे त्या भागात, गेमने थांबायचं. आणि टास्क मॅनेजर सरासरी दाखवतो, सेकंदातले दहा-वीस मिलिसेकंद त्याच्या आकड्यात विरघळून जातात. असा संशय असेल तर लेटन्सीमॉन नावाचं फुकट साधन आहे, ते कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवतोय ते नावासकट सांगतं. आम्ही दिवे एका रंगावर ठेवले, सर्व्हिस मॅन्युअल केली, म्हणजे ती आपोआप चालू होत नाही. निळा.

ओव्हरलेचं वेगळं सांगतो, कारण ते थेट डॉसच्या त्या यादीचं नातवंड आहे. गेम चालू असताना वर जे चॅट, एफपीएस, मित्र ऑनलाइन आल्याची सूचना दिसते, ते दाखवायला बरेच ओव्हरले आपला एक तुकडा गेमच्याच पोटात घालतात, आणि गेम दरवेळी तयार फ्रेम स्क्रीनवर पाठव असं ज्या फंक्शनला सांगतो, त्याच्या दारात उभे राहतात. फ्रेम आली की आधी ह्यांच्याकडे, हे आपलं चित्र चिकटवणार, मग पुढे. तीच पत्ता बदलायची युक्ती, तीच रांग. एक असेल तर चालतं. लाँचरचा एक, चॅटचा एक, ग्राफिक्सवाल्यांचा एक, विंडोजचा गेम बार एक, असे चार एकाच दारात उभे राहिले की कधी ठेच, कधी काळी स्क्रीन, कधी गेम उघडतानाच आडवा. एक ठेवा, बाकीचे त्यांच्या त्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. तसंच विंडोजच्या सेटिंगमध्ये गेमिंगमध्ये कॅप्चर्स आहे, त्यात झालेलं रेकॉर्ड करत राहा असा खटका असतो, तो चालू असेल तर तुम्ही खेळताय तोवर मशीन सतत व्हिडिओ बनवतंय. हवं असेल तर ठेवा. गेम मोड मात्र चालूच राहू द्या, २०१७ पासून विंडोज १० मध्ये आहे, चमत्कार करत नाही पण खेळताना अपडेटचा ड्रायव्हर टाकणं आणि रीस्टार्ट करा म्हणून मागे लागणं तरी थांबवतो.

अँटिव्हायरस बंद करू का, हा प्रश्न येणारच. नको. मेमरीत बसून राहायची विद्या मुळात दोन्ही बाजूंनी वापरली गेली. १९८६ सालचा ब्रेन व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून, म्हणजे मशीन चालू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या तुकड्यातून, येऊन मेमरीत बसायचा, आणि कोणी तो सेक्टर वाचायला गेलं की स्वतःला लपवून मूळचा चांगला सेक्टर पुढे करायचा. त्याला पकडायचं तर राखणदारालाही तिथेच दारात बसणं भाग होतं. पुण्यातल्या काटकर बंधूंचं क्विक हील त्याच फ्लॉपीच्या जमान्यातलं. तेव्हा राखणदार ठेवा, फक्त त्याची पूर्ण स्कॅन करायची वेळ तुमच्या खेळायच्या वेळेत नको, आणि गेमच्या फोल्डरपुरती सूट द्या, तीही अधिकृत ठिकाणाहून घेतलेल्या गेमला. डाउनलोड्सच्या फोल्डरला चुकूनही नाही. आणि कुठला तरी फुकट गेम उतरवताना त्यात आधी अँटिव्हायरस बंद करा असं लिहिलेलं असलं, तर समजून जा. तुमचं ग्राफिक्स कार्ड गुपचूप वापरून दुसऱ्यासाठी क्रिप्टोचे पैसे कमावणारे प्रोग्रॅम असेच येतात, आणि त्यातले काही इतके बेरके असतात की टास्क मॅनेजर उघडला की गप्प होतात आणि बंद केला की पुन्हा कामाला लागतात. पंखा जोरात आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत, असं दिसलं की संशय घ्या.

अजून एक, गेमची प्रायॉरिटी, म्हणजे प्रोसेसरच्या रांगेतला मान, रिअलटाइम करा म्हणून सल्ला फिरत असतो. ते करू नका, गेम मग माउस-कीबोर्ड वाचणाऱ्यांच्याही पुढे घुसतो आणि मशीनच थिजल्यासारखं होतं. फार तर हाय, आणि खरं सांगायचं तर त्यानेही फारसा फरक मला कधी दिसला नाही.

हे सगळं झालं की काय काय बंद केलं त्याची यादी लिहून मशीनलाच चिकटवा. आमच्याकडे ते राहिलं. परवा ताईचा पुन्हा फोन, टाकीच्या सफाईची नोटीस छापायला घेतली तर खालच्या चार ओळी इतक्या फिक्या आल्या की दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना गुरुवार वाचताच आला नाही, त्यांनी बुधवारीच पाणी भरून ठेवलं, आणि प्रिंटरने शाई संपत आल्याचं आधी सांगितलं कसं नाही म्हणून भावजी भाच्यावर उखडलेत. भाच्याला म्हटलं, टास्क परत चालू कर, त्यातला ट्रिगर बदलून आठवड्यातून एकदा लाव, सकाळी दहाला, तू कॉलेजात असताना.